तेवढं तुमच्यापाशीच ठेवा

कोणाच्याही घराची कडी वाजवली की बहेनजी लगेच वळायच्या आणि दाराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. आतून "कोन हाय?" असं आलं की तशाच पाठमोऱ्या उत्तर द्यायच्या. दार उघडून आतली बाई पदर सारखा करत "या न बहेनजी" म्हणाली की मगच त्या वळायच्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, या बाई रुसल्या आहेत की काय!

मी एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "दार उघडते त्या टायमाले घराकडे नाई पाहाव. खाटेवर कोनी लोळलेलं राहते, दोरीवर काय काय वाळत राहते. घराले आपलं आवरून घेऊ द्या लागते."

हिंदी मुलखातल्या आमच्या पांढुर्ण्यात शाळेतल्या बाईंना बहेनजी म्हणतात. आम्ही घरात मराठी बोलतो, कचेरीत हिंदी बोलतो, आणि शाळेत दोन्हीची खिचडी करतो. त्या खिचडीतलाच हा शब्द. त्यांचं नाव मी लिहीत नाही. इथे ज्या घरांबद्दल सांगणार आहे त्यांच्या गल्ल्याही मी इकडच्या तिकडे केल्या आहेत. ज्या गोष्टी त्या त्या माणसांनी स्वतःच पुढे चारचौघांत सांगितल्या, तेवढ्याच सांगते आहे. ही शिस्त माझी नाही. बहेनजींची आहे.

तुम्हीही असे सर्वे पाहिले असतील. दारात उभं राहून जबाब दिले असतील. आम्हा मास्तर लोकांना तर मोजणीचं काम नवीन नाही. माणसं मोजा, गुरं मोजा, मतदार मोजा, संडास मोजा. पण त्या वर्षीचा सर्वे मोबाइलवर होता आणि त्याचे प्रश्न घरात फारच आतपर्यंत जाणारे होते. घरात कोण कोण, कमावतं कोण, कोणाला कोणता आजार, कोण अपंग, लग्न झालेली मुलगी माहेरी का, सून नांदते की नाही. उत्तर देणं सक्तीचं, असं वरून सांगितलेलं होतं. नाही दिलं तर रेशन बंद होईल, असं खालून कोणीतरी पसरवलं होतं. लोक घाबरलेले होते. काहींनी आम्हाला गल्लीच्या तोंडाशी पाहून दारं लावून घेतली.

मी तेव्हा सौसरहून लग्न होऊन आलेली, नोकरीत नवी. बहेनजी निवृत्तीला टेकलेल्या. सर्वेचं अ‍ॅप त्यांच्या जुन्या मोबाइलवर काही चालेना, म्हणून आमची जोडी लावली गेली. मोबाइल माझा आणि बोलणं त्यांचं.

आमच्याकडच्या माणसांची एक खोड आहे. भीती वाटली तर एक शब्द बोलणार नाहीत, आणि भीती गेली की थांबणार नाहीत. घरात किती जण, एवढं विचारलं तरी एखादी म्हातारी आजेसासऱ्यापासून सुरू करायची. मग दिराशी वाटणी कशी झाली, विहीर कोणाकडे गेली, थोरल्या जावेनं काय केलं. इथवर आलं की बहेनजी हात वर करायच्या. वर्गात गोंगाट थांबवताना करायच्या, अगदी तसाच.

"थांबा, माय. हे कोनी नाई विचारलं."

"तुम्हालेच सांगून राहिली न मी, बहेनजी."

"मले सांगतलं तरी सांगतलंच होते. तेवढं तुमच्यापाशीच ठेवा."

मला गंमत वाटायची. सरकारनं माहिती काढायला पाठवलेली बाई दारोदार लोकांना सांगत होती की जास्त सांगू नका.

दुसरी अडचण शेजारणींची. एका घरात आम्ही बसलो की आजूबाजूच्या चार जणी दारात येऊन उभ्या. कोणी पोर काखेला मारून, कोणी तांदूळ निवडायचं सूप घेऊनच. बहेनजी त्यांना कधी "जा" म्हणाल्या नाहीत. नाकानं वास घेतल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, "कोनाचं दूध उतू जाऊन राहिलं वाटते वं?" उंबऱ्यावरची सगळी गर्दी एका दमात पसार. मग शांतपणे पहिला प्रश्न. ही युक्ती एका गल्लीत एकदाच चालायची, हे त्यांना माहीत होतं. म्हणून पुढच्या गल्लीसाठी त्यांच्याकडे डाळ करपण्याचीही सोय होती.

सावरगावच्या बाजूला एक आजोबा होते. त्यांचा एक डोळा गेलेला. अपंगत्वाचा प्रश्न आला तेव्हा ते ताठ होऊन बसले. "लिहा, गोटमारीत गेला. झेंड्यापाशी पोचलो होतो मी!" आमच्याकडे दरवर्षी नदीतल्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार. आतून त्यांची बायको ओरडली, "गोटमारीत कायचा! कवाडाची कडी लागली होती, भाकर मांगाले येत होते तवा." आजोबांचं तोंड एवढंसं झालं. माझं बोट मोबाइलवर थांबलं. बहेनजी गंभीरपणे म्हणाल्या, "बाबाजी, कारन विचारलंच नाई सरकारनं. डोळा गेला, एवढंच पाहिजे. बाकी गोटमारीचं तुमच्यापाशीच ठेवा." आजोबा पुन्हा ताठ झाले. पुढे कितीतरी वर्षं त्यांची बायकोच ही गोष्ट साऱ्या गल्लीला हसून सांगायची, आणि आजोबाही हसायचे. पण त्या दिवशी त्या दारातून बाहेर पडताना बहेनजींच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मानसाची एक गोष्ट त त्याच्या मनासारखी राहू द्या," एवढंच म्हणाल्या.

आता खरी गोष्ट सांगते.

बाजाराजवळ कापड दुकानवाल्यांचं एक घर होतं. नवरा, बायको, म्हातारी सासू आणि एक मुलगी. त्या मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. घरात नवा रंग दिलेला, खिडक्यांना नवे पडदे. बाई नीटनेटक्या, बोलायला गोड. बहेनजींनी विचारलं, "घरात किती जण?" त्या म्हणाल्या, "चार."

आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या. कोणीतरी टाळ्या वाजवत होतं, मधेच मोठ्यानं हसत होतं. लहान मुलाचं हसू नव्हतं ते, मोठ्या पोरीचं होतं. त्या बाईंच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. सासूबाई उठून आत गेल्या, दार लावल्याचा आवाज आला, आणि टाळ्या बंद झाल्या.

मी बहेनजींकडे पाहिलं. त्या हातातल्या पेल्यातलं पाणी पीत होत्या. निवांतपणे पेला खाली ठेवून म्हणाल्या, "आज माह्या ह्या पोरीच्या मोबाइलचं नेट चालून नाई राहिलं. तुमचं घर पुरं नाई झालं. पुन्हा येऊ आम्ही, घाई नाई."

नेट उत्तम चालू होतं.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "बहेनजी, आत अजून कोणी तरी आहे."

"हाय."

"मग? चार लिहायचं की पाच?"

त्या चालता चालता थांबल्या. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, हात आडवा धरून म्हणाल्या, "त्या पोरीले मोजलं नाई, त सरकारच्या हिशोबानं ती जगात नाईच. तिले दवाखान्याचा कागद नाई, पेन्शन नाई, उद्या मायबाप गेले त कोनी नाई. अन् मोजलं, अन् गावात फुटलं, त लहानीचं लग्न मोडते. तूच सांग बेटा, काय लिहाव?"

मी मोबाइल पिशवीत टाकला.

त्यानंतर बहेनजी त्या घरी गेल्या नाहीत. मी आठवण केली की म्हणायच्या, "त्या येतील." मला वाटलं, कोण येतंय! पण एका दुपारी, शाळा सुटायच्या वेळी, त्या बाई खरोखर आल्या. डोक्यावरून पदर घेतलेला, हातात भाजीची पिशवी, म्हणजे कोणी पाहिलं तर भाजीला आल्यासारखं दिसावं. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. आम्ही गेलो तर पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच जन हाय, बहेनजी."

त्या बोलतच राहिल्या. थोरली मुलगी. जन्मापासून फिट येतात, बुद्धी लहान लेकरासारखी. आधी नातेवाइकांना सांगितलं नाही, मग शेजाऱ्यांना, मग सांगायची वेळच निघून गेली. "तिले ऊन मिळत नाई, बहेनजी. पांढरीफटक पडली पोरगी. पन लहानीचं जमलं की मंग…"

बहेनजींनी त्यांचा हात धरला. "हे मले माहीत, ह्या पोरीले माहीत, अन् सरकारच्या मशीनले. गावातल्या कोनाले नाई. हा माहा शब्द."

मी तिथेच कडुनिंबाखाली पाचवं नाव भरलं. त्या बाईंनी मुलीचं नाव इतक्या हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. किती वर्षांत त्यांनी ते नाव घराबाहेर उच्चारलं नसेल, देव जाणे.

आणि पुढच्याच आठवड्यात तो हुकूम आला.

सर्वेच्या कामासाठी मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यात आम्ही सगळे मास्तर, कचेरीतले बाबू, आणि कोणी कधी जोडलं कोण जाणे, पण वॉर्डातली पुढारी मंडळी आणि त्यांची माणसंही होती. काही जण घरी बसूनच खोटे सर्वे भरत होते, म्हणून सर्वेवर देखरेख करणाऱ्या साहेबांनी सांगितलं की रोज भरलेल्या प्रत्येक घराच्या जबाबाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. म्हणजे काम झाल्याचा पुरावा. साहेब तरुण होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनाही रोज संध्याकाळी वरच्यांपुढे आकडे द्यावे लागत.

फोटो पडू लागले. कोणाच्या सुनेला टीबी, कोणाचा मुलगा कामाविना घरी, कोणाची मुलगी सोडलेली. थोड्याच दिवसांत ते सगळं पानठेल्यावर ऐकू येऊ लागलं. नळावर एका बाईला दुसरीनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय वं, तुह्या घरच्या फॉर्मात 'परित्यक्ता' लिहून आलं म्हनते?" ती बाई भरलेली घागर तिथंच ठेवून घरी गेली. ही गोष्ट बहेनजींच्या कानावर आली त्या दिवशी त्या वर्गात काही शिकवू शकल्या नाहीत. मुलांना चित्रं काढायला लावली आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

आमच्या जोडीचा एकही फोटो ग्रुपवर गेला नाही. सर्वे आम्ही करत होतो, अ‍ॅपवर भरतही होतो, पण ग्रुपवर काही नाही. साहेबांकडच्या यादीत आमच्या नावापुढे रोज शून्य. मी घाबरले होते. माझी नोकरी पक्की व्हायची होती. बहेनजींना ते कळत होतं. एके दिवशी म्हणाल्या, "तुह्या नोकरीवर येऊ नाई देनार मी. मोबाइल तुहा असन, पन जिम्मेदारी माही हाय, असं लिहून देतो." आणि तसं त्यांनी खरंच लिहून दिलं. नोटीस आली ती फक्त त्यांना.

मग बैठक झाली. एका शाळेच्या हॉलमध्ये सगळे मास्तर, बहेनज्या, बाबू, दारात दोन-चार पुढाऱ्यांची माणसं. साहेबांना मराठी समजायची, बोलता यायची नाही. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, आपका ब्लॉक झीरो दिखा रहा है. इतनी सीनियर होकर आप आदेश नहीं मानेंगी तो बाकी लोग क्या करेंगे?"

बहेनजी उभ्या राहिल्या. फिकट निळी सुती साडी, खांद्याला पर्स.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माह्या सोताच्या घराचा सर्वे राहिला हाय. आत्ता करू का? इथंच, सगळ्यायसमोर?"

साहेबांना काही उमजेना. त्यांनी मान हलवली. बहेनजी माझ्याकडे वळल्या. "बेटा, काढ मोबाइल. विचार."

मी उठले. पहिला प्रश्न वाचला. "कुटुंबप्रमुख?"

"मी."

"घरात किती जण?"

"मी एकली."

"वैवाहिक स्थिती?"

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. कारण ते सगळ्यांना माहीत होतं. बहेनजींचे यजमान भिलाईला नोकरीला होते. दर दिवाळीनंतर त्या शाळेत अनारसे आणायच्या आणि सांगायच्या, "हे येऊन गेले." आम्ही यजमानांना कधी पाहिलं नव्हतं, पण ते आहेत यात कोणाला शंका नव्हती.

"लगन झालं," बहेनजी म्हणाल्या. "नवरा संग नाई राहत. लय वर्षं झाली. त्यायचं दुसरीकडे घर हाय. बायको हाय, लेकरं हाय. मी दर दिवाळीले तुम्हाले सांगत होती का हे येऊन गेले. कोनी आलं नोतं. अनारसे मी एकलीच करत होती."

दारातल्या पुढाऱ्यांच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लिही बेटा, काय ऑप्शन हाय तिथं? तेच. परित्यक्ता. लिही."

मी लिहिलं.

मग त्या सगळ्यांकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. वर्गात धडा समजावून सांगताना असायचा, तसाच होता. "आता तुम्ही सारे माह्याकडे कसे पाहून राहिले? पाहा न. अन् एकमेकायकडे पाहून राहिले तेही पाहा. उद्या शाळेत येईन मी तवा असेच पाहाल. हे मी सांगतलं, कारन हे माहं होतं. माह्या तोंडानं, माह्या मर्जीनं सांगतलं. पन ज्या बायकायनं दार लावून, पदर तोंडाले लावून मले सांगतलं, ते त माहं नाई न, साहेब. ते त्यायचं हाय. ते मी कोनत्या हक्कानं ग्रुपवर टाकू?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढचा विचार, बेटा."

पुढचा प्रश्न आजाराचा होता. पडद्यावरची अक्षरं मला दिसत होती, पण वाचता येईनात.

"बस, मॅडम," साहेब म्हणाले. "बस कीजिए." ते उभे राहिले होते. आपण उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलेलं नसावं. मला आजही ते दृश्य आठवतं: खुर्चीतून उठलेले तरुण साहेब, आणि समोर शांत उभी असलेली, आपलं सगळं जन्मभर जपलेलं एका मिनिटात देऊन टाकलेली ही बाई. मी पुष्कळ धीट माणसं पाहिली आहेत. नदीत उभं राहून दगड झेलणारी पाहिली आहेत. पण हे धैर्य मी पुन्हा कोणात पाहिलं नाही.

संध्याकाळी फोटो टाकणं बंद करण्याचा निरोप आला. जुने फोटो काढून टाका, बाहेरची माणसं ग्रुपमधून काढा, फक्त घरांचा आकडा कळवा. बहेनजींची नोटीस मात्र त्यांच्या फाइलमध्ये तशीच राहिली. कोणी माफी मागितली नाही, कोणी सत्कारही केला नाही.

आणि गावानं काय केलं? जे गाव करतं तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीबाजारात त्यांच्या नवऱ्याला तीन बायका होत्या, आणि संध्याकाळपर्यंत तो साधू होऊन निघून गेलेला होता. स्टाफरूममध्ये त्या आल्या की बोलणं थांबायचं. एका मॅडमना राहवलं नाही. "मंग बहेनजी, तुम्ही मंगळसूत्र काहून घालता?"

बहेनजी वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हा प्रश्न फॉर्मात हाय का?"

मी हसले. त्याही हसल्या. पण त्या वहीवर लाल पेनानं चुकीच्या ठिकाणी खूण झालेली मी पाहिली. त्या दिवाळीनंतर त्यांनी अनारसे आणले. डबा टेबलावर ठेवला, काही न बोलता. आम्ही सगळ्यांनी खाल्ले, तेही काही न बोलता. मला वाटतं, गावाकडून त्यांना मिळालेली पहिली माफी ती होती.

आणि एक झालं. ज्यांनी आम्हाला पाहून दारं लावली होती, त्यांची दारं उघडली. बायका स्वतः निरोप पाठवू लागल्या, "बहेनजी, आमच्याकडे या. पन तुम्हीच या." आम्ही जायचो. बहेनजी प्रश्न विचारायच्या, त्या सांगायच्या. कधी कधी जबाब भरून झाला की बहेनजी मला बाहेर ओट्यावर बसायला सांगायच्या, आणि आत त्या बाईचं रडणं ऐकू यायचं. बाहेर आल्यावर बहेनजी त्यावर एक शब्द बोलायच्या नाहीत. मीही विचारणं सोडून दिलं होतं. एवढ्या घरांचं दुःख त्या बारीकशा अंगात कुठं मावत होतं, याचं मला नवल वाटायचं. त्यांच्या शेजारी चालताना मी नकळत एक पाऊल मागे राहू लागले.

कापड दुकानवाल्या बाईंचं सांगायचं राहिलं. लहान्या मुलीला पाहायला मंडळी आली तेव्हा त्यांनी चहा दिला आणि स्वतःच सांगितलं, "आम्हाले दोन पोरी हाय. थोरली आजारी राहते. पाहाची असन त पाहा." नवऱ्यालाही विचारलं नव्हतं. मंडळी चहा पिऊन गेली आणि तिकडून नकार आला. घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. नवरा चिडला तेव्हा त्या म्हणाल्या, "बहेनजी भर सभेत सांगू शकते, अन् मी एका घराले नाई सांगू शकत?" हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. काही महिन्यांनी सौसरकडचं दुसरं स्थळ आलं. ती मंडळी आत जाऊन थोरलीला भेटली, तिच्या हातावर पेढा ठेवला, आणि जमलं. लग्नात थोरली नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून पुढच्या खुर्चीवर बसली होती. बँडवर टाळ्या वाजवत होती, मोठमोठ्यानं हसत होती. बहेनजी तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर टाळ्या वाजवत होत्या.

निवृत्तीनंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. आजार आतून होता. तो किती दिवसांचा होता, त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. बोरगावचा त्यांचा धाकटा भाऊ नागपूरच्या दवाखान्यात नेत होता म्हणे. आम्हाला कळलं ते एकदम त्या गेल्याचंच.

तेरवीला त्यांच्या घरापुढे मांडव टाकला होता. भावानं, भावजयीनं सगळं केलं. इतक्या बायका येतील असं भावाला वाटलं नव्हतं. जास्तीच्या दऱ्या मागवाव्या लागल्या. सावरगावच्या होत्या, बाजारातल्या होत्या, कापूस वेचायचा सोडून शेतावरून थेट आलेल्या होत्या. मुख्याध्यापक बोलायला उठले. बहेनजींचा वक्तशीरपणा, सुंदर अक्षर, मुलांवरची माया, सगळं सांगून झालं. मग त्यांनी बायकांकडे पाहून विचारलं, "तुमच्यापैकी कोनाले काही बोलाचं हाय का?"

कोणी उठेना. म्हणजे सांगायचं नव्हतं असं नाही. प्रत्येकीच्या चेहऱ्यावर ते काठोकाठ आलेलं दिसत होतं. एक अर्धवट उठली, तोंडाला पदर लावला आणि पुन्हा बसली. तिच्या शेजारचीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बहेनजींनी माझ्यासाठी काय केलं हे सांगायचं तर त्यांनी माझं काय झाकलं तेही सांगावं लागणार, आणि तेच तर त्या कोणाला न सांगता घेऊन गेल्या होत्या. भरला मांडव गप्प बसून राहिला. कोणाही माणसाला वाहिलेली याहून मोठी श्रद्धांजली मी ऐकलेली नाही.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला एक म्हातारा माणूस येऊन उभा राहिला. परगावचा, बसमधून उतरून तसाच आलेला. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात कापडी पिशवी. आत यावं की नाही, असं त्याचं झालं होतं. बहेनजींच्या भावानं त्याला पाहिलं आणि मान फिरवली. तो कोण असावा, हे त्या मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आलं.

आमच्याकडे अनोळखी माणूस दारात दिसला की पाण्याआधी प्रश्न येतात. कोण, कुठले, कोणाचे कोण लागता. त्या दिवशी एकानंही विचारलं नाही. कापड दुकानवाल्या बाई उठल्या. त्यांनी एक खुर्ची उचलून सावलीत आणून ठेवली, पाण्याचा पेला भरून त्याच्या हातात दिला.

"बसा जी," एवढंच म्हणाल्या.

तो बसला. पेला दोन्ही हातांत धरून बराच वेळ रडत राहिला. आम्ही सगळ्यांनी त्याला रडू दिलं.